चाकोरी

थंडीत दगा देणार नाही अशी गाडी मी एप्रिल महिन्यात निवडली. पुण्यात, कूलरसमोर, बनियनवर बसून. पुढे जे झालं त्याचं मूळ एवढ्यात सांगून झालं. पण स्वतःची फजिती कोणी इतक्या चटकन संपवत नाही.

विमा कंपनीतली एकतीस वर्षांची नोकरी त्या मार्चअखेर संपली होती. निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ अजून खोक्यातच होतं, आणि मी जाहीर करून टाकलं होतं की आता आपण गावी राहणार. गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी तालुका, टिपेश्वरच्या जंगलाच्या अंगाला. तिथे आमची नऊ एकर वडिलोपार्जित काळी जमीन. माझा थोरला चुलतभाऊ, आमचा दादा, ती आजवर कसत आलेला. समारंभात एका सहकाऱ्याने माझ्याविषयी बोलताना 'चाकोरीबाहेरचं आयुष्य' असे शब्द वापरले. मला ते इतके आवडले की घरी येताना रिक्षात मी ते दोनदा पुटपुटलो. चाकोरी म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. शब्द तेवढा माहीत होता.

यवतमाळला थंडी पडते, हे पुण्यातल्या माणसाला पटत नाही. त्याच्या लेखी यवतमाळ म्हणजे कापूस आणि मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा. पण डिसेंबरात आभाळ स्वच्छ असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री बघता बघता निवते, उत्तरेकडचा वारा सुटतो आणि पारा आठ-नऊवर येतो. लहानपणी शाळेत जाताना आम्ही तोंडातून वाफ काढत बिड्या ओढायची नक्कल करायचो. माझं आजोळ दारव्ह्याला. तिकडे जायला शकुंतला होती, यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. हिवाळ्यात आजोबा इंजिनाजवळच्याच डब्याचा हट्ट धरायचे, ऊब लागते म्हणून. ऊब लागायची की नाही देव जाणे, कोळशाचे कण मात्र नेमाने डोळ्यांत जायचे. वाहन, ऊब आणि कोळसा या तीन गोष्टींची माझ्या डोक्यात तेव्हाच गाठ पडली असावी. पुढे ती फार महागात पडली.

मी दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर 'गरजा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. विम्यात आयुष्य काढलेल्या माणसाला जोखीम आधी दिसते, मोठी दिसते आणि नको तिथे दिसते. पहाटेच्या थंडीत इंजिन पहिल्या किल्लीला लागलं पाहिजे. चारही चाकांना जोर पाहिजे. खालून पोट जमिनीला घासता कामा नये. मग रात्र रात्र मोबाइलवर मी सैबेरियातल्या आणि नॉर्वेतल्या लोकांच्या गाड्या बघू लागलो. दाढीला बर्फ चिकटलेली माणसं बॉनेट उघडून काहीतरी समजावून सांगत, आणि मी घाम पुसत पुसत ते वहीत उतरवून घेई. बर्फावर चाकांना बांधायच्या साखळ्यांना मी अख्खं एक पान दिलं होतं.

माझा भाचा कॅनडात, सस्काटूनला असतो. त्याला फोन लावला.

'मामा, इथे रात्री गाडीला प्लग लावतात,' तो म्हणाला. 'इंजिनात छोटा हीटर असतो. तो चालू ठेवला नाही तर सकाळी गाडी मेलेली.'

मी 'प्लग' असं लिहून घेतलं.

'तुमच्याकडे किती जातं?'

'आठ.'

'उणे आठ?'

'नाही. नुसतं आठ.'

पलीकडे इतकी शांतता पसरली की लाइन तुटली समजून मी दोनदा हॅलो केलं.

'मामा,' तो शेवटी म्हणाला, 'आठला आम्ही अंगणात हाफ पँटवर असतो.'

पोराला शेतीतलं काय कळतंय, असं म्हणून मी डिझेलकडे वळलो. डिझेल थंडीत दाट होतं आणि गोठू लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये खास डिझेल आणलं, ते उणे तेहतीसपर्यंत गोठत नाही. आपल्या नेहमीच्या डिझेलचंही प्रमाण ठरलेलं असतं. हिवाळ्यातलं डिझेल निदान तीन अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे. मी वहीत वजाबाकी मांडली. आमच्या गावचे आठ, त्यातून तीन गेले, उरले पाच. माझं उरलेलं आयुष्य आणि गोठलेलं डिझेल यांच्यात फक्त पाच अंश! हा आकडा मी बायकोला झोपेतून उठवून सांगितला.

'अहो,' ती म्हणाली, 'आपल्याला हरभऱ्याला पाणी द्यायला जायचंय की सियाचीनला?'

ती अमरावतीची आहे. तिचं म्हणणं होतं, गावात ज्याच्या-त्याच्याकडे जे आहे ते आपणही घ्यावं. दादाचंही तेच. 'मोपेड घे बावा,' तो फोनवर म्हणाला. 'दोन पोते नेते, पेट्रोल पेत नाई, आन् बंद पडली तं ढकलता येते.' बंद पडल्यावर ढकलता येणं हा वाहनाचा गुण म्हणून सांगणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोनशे पानी वहीच्या शेवटी मोपेड घ्यायची, तर वही कशाला घेतली? तसं पाहिलं तर आमच्या भागातलं हिवाळ्यातलं सगळ्यात उबदार वाहन म्हणजे काळी-पिवळी. बारा-तेरा माणसं, दोन बकऱ्या, मांडीवर कोणाचं तरी पोर. तिथे हीटर लावला तर माणसं गुदमरतील. पण ती काही घरी आणून उभी करता येत नाही.

वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिकडच्या एका ठेकेदाराची जुनी जीप विकायला आहे, असं कोणीतरी सांगितलं. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. कारखान्यातून निघाल्यापासून माझ्यापर्यंत येईतो तिचे चार मालक झाले होते आणि कारखान्याचं म्हणावं असं तिच्यात फारसं काही उरलेलं नव्हतं. मी वही काखेत मारून गेलो. जीप बाभळीखाली उभी होती. उंच, चौकोनी, पुढून जरा रागावल्यासारखी. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता.

'फोर बाय फोर,' ठेकेदार नुसतं एवढंच म्हणाला. फार बोलणारा विक्रेता असता तर मी सावध झालो असतो.

किल्ली फिरवताच इंजिन अर्ध्या फेरीत सुरू झालं. मे महिन्यातली दुपार होती. त्या दिवशी त्या उन्हात किल्ली लावली असती तर लोखंडी खाटसुद्धा सुरू झाली असती. वर कापडी टप, आणि दरवाजांच्या जागी मेणकापडाचे दोन पडदे, त्यातल्या एकाची चेन गेलेली. थंडीसाठी घेतोय त्या गाडीला दरवाजेच नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण तोवर मी स्टेअरिंगवर बसलो होतो, आणि आरशात मला एकदम सैबेरियातला माणूस दिसत होता. एक लाख चाळीस हजार मोजले. भाचा मला मामा म्हणतोच. त्या दिवशी वणीच्या माणसाने मामा केला.

गावी पोहोचेपर्यंत माझा पांढरा सदरा राखाडी झाला होता. जीपने खाणीवर इतकी वर्षं काढली होती की तिच्या प्रत्येक सांध्यात कोळशाची भुकटी साठलेली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला ती थोडी थोडी बाहेर पडे. बायकोने जीपभोवती एक फेरी मारली.

'काचा कुठे आहेत?'

'याला काचा नसतात.'

'थंडी कुठून आत येऊ नये म्हणून घेतली होती ना?'

मी सामान उतरवायला घेतलं.

पावसाळ्याबद्दल काही लिहीत नाही. ते चार महिने जीप गोठ्यासमोर ताडपत्रीखाली उभी होती. पावसाळ्यात जो काळ्या मातीत गाडी काढतो त्याच्यासाठी दादाकडे एक शब्द आहे, तो इथे छापणार नाहीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली खरी थंडी पडली. पहाटे साडेपाचला मी मोठ्या उत्साहाने ताडपत्री ओढली. हाच तो क्षण, याचसाठी केला होता अट्टाहास. जुन्या डिझेल जीपला किल्ली आधी अर्धी वळवून हीटर प्लग तापू द्यायचे असतात. मी वीसपर्यंत मोजलं, मग किल्ली मारली. इंजिनाने कूस बदलल्यासारखं केलं आणि पुन्हा झोपलं. मी चाळीसपर्यंत मोजलं. साठपर्यंत मोजलं. तेवढ्यात बॅटरी बसली. घरातून बायकोने विचारलं, 'गेलात की आहात?'

मग मला भाच्याचा प्लग आठवला. इंजिनाखाली ऊब! दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून मी घमेल्यात निखारे केले आणि घमेलं इंजिनाखाली सरकवलं. अर्ध्या तासाने जीप खरोखरच सुरू झाली. मी ते वहीत तारखेसकट नोंदवलं. तिसऱ्या दिवशी घमेल्याभोवती चार माणसं जीपच्या बंपरला पाठी टेकून उकिडवी बसलेली आढळली.

'काऊन जी काकाजी,' एकाने विचारलं, 'गाडीले हिव भरलं काय?'

आठवड्याभरात तो गावाचा पारच झाला. तुराट्या जाळाव्या की पऱ्हाट्या, यावर रोज चर्चा होई. तुराट्या भडकन पेटतात आणि तितक्याच भडकन विझतात. पऱ्हाट्यांचा निखारा धरून राहतो, तेव्हा इंजिनाला पऱ्हाट्याच बऱ्या, असा ठराव झाला. जळण माझं, चहा माझा, आणि निखाऱ्यांभोवती इतकी माणसं बसत की जीपपर्यंत ऊब पोहोचेना. ती पुन्हा सुरू होईनाशी झाली. पण आता 'जरा सरका' असं म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यांच्यातले दोघे नात्याने माझे सासरे लागत.

त्यात ती काळा धूर ओकू लागली आणि चढाला दम टाकू लागली. घाटंजीहून मिस्त्री आणला. त्याने एअर क्लीनरचं डबडं उघडलं, आत हात घातला आणि ओंजळभर पांढराशुभ्र कापूस बाहेर काढला. आणखी एक ओंजळ. शेजारच्या खोलीत आमचा वेचलेला कापूस भरून ठेवला होता. उंदरीण तिथून एकेक बोंड करून जीपमध्ये संसार थाटत होती. आत चार गुलाबी पिल्लंही निघाली. ही गाडी हिवाळ्यासाठी योग्य आहे हे ओळखणारा तो पहिला जीव. मिस्त्रीने मात्र जीपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने त्या कापसातला एक पुंजका चिमटीत धरून हलकेच ताणला, उजेडाकडे केला, पुन्हा ताणला.

'धागा चांगला हाय जी,' तो म्हणाला. 'इकला नाई काय अजून?'

यवतमाळ जिल्ह्यात कापूस हातात आल्यावर बाकी सगळं थांबतं, त्याला कोणाचा इलाज नाही. आम्ही अर्धा तास भावावर बोललो. मग त्याने जीपचे दोनशे रुपये घेतले.

आता मुख्य रात्र.

आमच्याकडे शेतीच्या पंपांना जी थ्री फेज लाइन मिळते ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की माणसं जेवून झोपायच्या वेळी शेतात निघतात. गव्हाला स्प्रिंकलर लावलेले असतात. दर तीन-चार तासांनी पंप बंद करायचा, ओल्या गव्हात शिरून पाण्याने भरलेले पाइप सोडवायचे, खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात जोडायचे. पारा आठवर असतो आणि पाइपातलं पाणी बाहीतून शिरून काखेपर्यंत येतं. एप्रिलपासून मी ज्या थंडीचा विचार करत होतो ती थंडी वाहनाला लागणारी होती. ही माणसाला लागणारी आहे, हे वहीत कुठेच नव्हतं.

जानेवारीचा दुसरा आठवडा, लाइन रात्री साडेबाराला. दादा मोपेड घेऊन दारात आला. 'बस मांगं.'

'तू हो पुढे,' मी म्हटलं. 'मी जीपने येतो.'

दादाने जीपकडे पाहिलं, माझ्या कानटोपीकडे पाहिलं आणि निघून गेला. त्याच्या मोपेडच्या दोन्ही मुठींवर खताच्या पोत्याच्या पिशव्या बांधलेल्या होत्या, आत हात घालून चालवायला. छातीवर, सदऱ्याच्या आतून पोत्याचा तुकडा. मला त्याची दया आली.

मोपेडवर वारा समोरून लागतो. माझ्या जीपमध्ये तो चारही बाजूंनी येत होता. फोर बाय फोर म्हणतात ते हेच असावं. गाव संपलं आणि पांदण सुरू झाली. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मधून बंडीची वाट. पावसाळ्यात चिखलातून बंड्या गेल्या की चाकं दोन खोल घळी पाडतात, आणि पुढे उन्हाने त्या सिमेंटसारख्या वाळतात. दरवर्षी त्याच जागी, पिढ्यान् पिढ्या. त्यांना चाकोरी म्हणतात. बैल त्यात न सांगता चालतात, बंडीवाला झोपला तरी बंडी घरी येते. मी माझी डावी चाकं डाव्या चाकोरीत घातली तर उजवी चाकं मधल्या वरंब्यावर चढली. उजवी घातली तर डावी चढली. पाऊण मैल मी असा एका कुशीवर झोपल्यासारखा गेलो, मांडीवर कोळसा सांडत.

पुढे कोणाच्या तरी पाइपातून पाणी गळत होतं. काळी माती कोरडी असते तोवर दगड, आणि पाणी लागलं की फुगून लोणी. गाडी हळूच डावीकडे बसली, घरी पोहोचल्यासारखी. मी जोर दिला. चाक फिरलं, गाडी हलली नाही.

आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. या क्षणासाठी तर आखूड दांडा होता. मी क्लच दाबला आणि दांडा ओढला. 'खट्' असा फार समाधानकारक आवाज आला. जोर दिला. मागची चाकं गरगर फिरली. पुढची दोन, शेजारचा तमाशा बघायला उभी असल्यासारखी, स्वस्थ. पुन्हा दांडा, पुन्हा खट्. साताठ वेळा तरी केलं असेल. तोवर गाडी पाठीमागून टेकली होती आणि सस्काटूनच्या भाच्याला नेमकं काय सांगायचं, याचा मी विचार करू लागलो होतो.

थोड्या वेळाने बांधावरून एकच दिवा डुगडुगत आला. मी पोहोचलो नाही म्हणून दादा परत फिरला होता.

'काय झालं बे?'

'अडकली.'

'कायच्यात?'

'चाकोरीत,' मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला रिक्षातला मी आठवलो.

'तुहा तो दुसरा दांडा?'

'ओढला. आवाज येतो.'

दादा बॅटरी घेऊन चिखलात आडवा झाला आणि जीपखाली शिरला. बराच वेळ काही बोलला नाही. मग खालून हसण्याचा आवाज यायला लागला, आधी दबका, मग मोठा, मग खोकल्यात मिसळलेला.

'अबे, वरतं दांडा हाय, खालतं काईच नाई! पुढच्या चाकाचा शाफ्टच काढून नेला कोनं तं.'

म्हणजे चार मालकांपैकी कोणीतरी पुढच्या चाकांना जोर नेणारा दंड काढून विकला होता आणि दांडा शोभेला ठेवला होता. कशाशीच जोडलेलं नसलेलं काहीतरी मी इतक्या विश्वासाने ओढत होतो. नोकरीतही हा अनुभव नवा नव्हता.

'चाल,' दादा म्हणाला. 'लाइन आली. पाय वर घे.'

मी मोपेडवर बसलो. दादाने छातीवरचा पोत्याचा तुकडा काढून माझ्या स्वेटरात खोचला. बांधाच्या हातभर रुंदीवरून ती मोपेड टकटक करत निघाली. चाकोरीशी तिचं काही देणंघेणंच नव्हतं. एका चाकापाठी एक चाक, कुठूनही जाते. पोत्याचा तुकडा बोचत होता, त्याला युरियाचा वास येत होता, आणि त्याच्या आत मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा गाडीवर ऊब लागली.

रात्रभर पाइप बदलले. त्याचं वर्णन करत नाही, आठवलं की बोटं दुखतात. पहाटे झोपडीत पऱ्हाट्यांसमोर बसलो तेव्हा दादा म्हणाला, 'आता गाडी काढा लागन. वेचनीची बंडी येते.'

पांदणीत जीप आडवी बसली होती आणि तिच्या मागे बंडी येऊन थांबली होती. बंडीत कापूस वेचायला निघालेल्या दहा-बारा बाया. वेचणीचे पैसे किलोवर असतात, तेव्हा माझ्या जीपने त्यांचा दर मिनिटाला तोटा होत होता, आणि तो त्या तोंडाने वसूल करत होत्या. बंडीवाल्याने बैल सोडले, दोर आणला, जीपच्या पुढच्या हुकांना बांधला. स्टेअरिंग धरायला कोणीतरी हवं होतं. बैलांनी मान खाली घातली, एकदा दम घेतला, आणि चार मालकांत जे झालं नव्हतं ते केलं. जीप पुढच्या चाकांनी चालू लागली. मी आत ताठ बसलो होतो, कानटोपी घालून, तोंड कोळशाने काळं, हातात स्टेअरिंग.

'काऊन जी,' बंडीतली एक म्हातारी मावशी म्हणाली, 'पोळा तं कवाचाच झाला ना?'

तिथून गावापर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने हाच विनोद नव्याने सुचल्यासारखा केला. घरासमोर येईपर्यंत मागे पोरंही जमली होती. बायको ओसरीत ताट घेऊन उभी होती. तिने बैलांना ओवाळलं. जीपला नाही.

दुपारी मी टेप घेऊन पांदणीत गेलो. शाळेत भूमिती चांगली होती. बंडीच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर पाच फुटांच्या आसपास भरलं. माझ्या जीपच्या दोन चाकांमधलं चार फूट आणि वर एक बोट. एवढंच होतं सगळं. बंडी बनवणाऱ्या सुताराला हे माहीत होतं, बैलांना माहीत होतं. दोनशे पानांत मी पारा लिहिला, डिझेल लिहिलं, साखळ्या लिहिल्या, आणि ज्या वाटेने जायचं तिची रुंदी मोजली नाही. याच टिपेश्वरचा, कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये पायी निघाला आणि वाटा तुडवत, नाले ओलांडत, तेराशेवर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. माझ्या जीपच्या मीटरवर घेतल्यापासूनचे २१२ किलोमीटर झाले आहेत. त्यात वणीहून गावापर्यंतचे आलेच, आणि बैलांनी ओढलेले सव्वा दोन.

जीप आता ओसरीसमोर आहे. विकायला काढली होती. एक माणूस आला, त्याने आखूड दांडा हलवून पाहिला, मी खरं सांगून टाकलं आणि तो चहा पिऊन गेला. टपाखाली बायकोने कोंबड्यांची सोय केली आहे. सीट उचलली की अजून कोळसा निघतो. पहाटे घमेलं पेटतं, बंपरला पाठी टेकून मंडळी बसतात; गाडी सुरू करायचा प्रश्न नसल्यामुळे आता कोणाला सरकावं लागत नाही. मोपेड घेतली. दादाला तिचा रंग पसंत नाही.

गेल्या जानेवारीत भाचा आला. आल्या आल्या अंगणात हाफ पँटवर उभा राहून त्याने फोटो काढला. दिवसा आमच्याकडचा हिवाळा फसवा असतो. दुपारी ऊन लागतं, ओल्या हरभऱ्याचा वास येतो. रात्रीचा आठवडा होता. 'मीही येतो पाणी द्यायला,' तो म्हणाला. जॅकेट घे म्हटलं, तर हसला. 'मामा, आठ अंशांना?'

साडेबाराच्या सुमारास आम्ही तिघे झोपडीत होतो. पऱ्हाट्या संपत आल्या होत्या. भाच्याच्या अंगावर माझा स्वेटर, त्यावर दादाचा दुपट्टा, त्यावर पोतं. तरी त्याचे दात वाजत होते, ते मला माझ्या जागेवरून ऐकू येत होते.

'मामा, तिकडे थंडी दाराबाहेर असते,' तो म्हणाला. 'घरात एकवीस, गाडीत एकवीस, ऑफिसात एकवीस. मधे फक्त पळायचं. इथे ती कुठे नसते ते सांगा. अंथरुणातसुद्धा होती काल.'

'हं.'

बऱ्याच वेळाने पोत्यातून आवाज आला. 'इथे प्लग कुठे आहे?'

'कशाला?'

'मला लावून ठेवा.'

दादाने बाहेर डोकावून खांबावरच्या दिव्याकडे पाहिलं.

'साडेबाराले येनार होती लाइन,' तो म्हणाला. 'आली नाई अजून.'